न झालेल्या सत्काराची बातमी

घोडेगावच्या एसटी स्टँडसमोर माझा एसटीडी-फॅक्सचा बूथ होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी तो टाकला आणि ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल येईपर्यंत चालवला. काचेची एक केबिन, बाहेर एक बाकडं आणि आत ते कुरकुर करत कागद ओढणारं यंत्र. तालुक्यातली प्रत्येक बातमी पुण्याला छापायला जाण्याआधी माझ्या हातातून जायची. त्यामुळे वर्तमानपत्र या वस्तूबद्दल शाळेपासून मनात बाळगलेला आदर पहिल्याच वर्षात साफ धुऊन निघाला.

आमच्याकडे वार्ताहर पाच आणि बातमी एक. कार्यक्रमाला एकाने जायचं, बाकीच्यांनी हॉटेलात मिसळ खात त्याची वाट बघायची. तो आला की त्याच्या कागदावरून चौघांनी उतरवून घ्यायचं. पहिलं वाक्य तेवढं प्रत्येकाने आपापलं लिहायचं, नाहीतर पुण्याच्या लोकांना संशय येतो. त्यांचा म्होरक्या मूळचा पिंपळवंडीचा. इकडे सासुरवाडीच्या जागेत येऊन राहिलेला. मोटारसायकलच्या पुढच्या नंबरप्लेटवर नंबरापेक्षा मोठ्या अक्षरात 'प्रेस'. तोच बातमीदार, तोच पेपरचा एजंट आणि वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करणाराही तोच. एकाच तोंडाने तो पुढाऱ्याला प्रश्न विचारायचा आणि त्याच तोंडाने जाहिरात मागायचा. प्रश्न कसले असायचे हे वेगळं सांगायला नको.

त्या काळात आमच्या भागात दोन पुढारी एकमेकांच्या विरोधात होते. नावं घेण्याची गरज नाही आणि तेवढी त्यांची लायकीही नाही. एकाकडे पांढरी लांबलचक गाडी होती, त्याला मी गाडीवाले म्हणतो. दुसरा जुन्या जीपमधून फिरायचा, तो जीपवाले. गाडीवाल्यांच्या वाढदिवसाला पानभर जाहिराती यायच्या, हसऱ्या फोटोखाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. जीपवाल्यांचा वाढदिवस कधी असतो हे त्यांच्या घरच्यांना तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

फरक एवढाच होता, पण बातमीत तो कसा उतरायचा हे मी रोज बघायचो. जीपवाले कुणाला वाकडं बोलले, की ते 'बेताल बडबडले', त्यांनी 'मुक्ताफळे उधळली'. गाडीवाले तसंच बोलले, की 'आपल्या खास मिश्कील शैलीत कोपरखळी मारली' आणि 'सभेत एकच हशा पिकला'. जीपवाले चिडले तर त्यांचा 'तोल सुटला'. गाडीवाले चिडले तर त्यांनी 'खडे बोल सुनावले'. पुढे पुढे मला सवयच लागली. मजकुरातली क्रियापदं वाचूनच मी सांगायचो, बातमी कुणाची आहे.

आता माझ्या थोरल्या बहिणीबद्दल. आम्ही वरचे, म्हणजे भीमाशंकरच्या रस्त्याला डोंगरातले आदिवासी. भात, नाचणी, वरई, आणि हंगामात हिरडा गोळा करायचा. आक्काला दिलेलं गाव आमच्या गावाच्याही वर. ती दहावीपर्यंत शिकली, बचत गट चालवायची, आणि पंचायत समितीची जागा राखीव झाली तेव्हा खालच्या लोकांनी तिला उभं केलं. गाडीवाल्यांच्याच गटाकडून. ती निवडून आली. तिला वाटलं, आपल्याला आपल्या लोकांसाठी बोलायला पाठवलंय. तिच्या वाट्याला मात्र एकच काम आलं, प्रत्येक सभेच्या शेवटी आभार मानायचं. स्वागत मोठ्यांनी करायचं, भाषणं मोठ्यांनी ठोकायची, आणि लोक चपला शोधायला लागले की आक्काच्या हातात माइक द्यायचा. वरची बाई आणि आभार, ही आमच्याकडची पक्की रीतच होती.

आक्का काळी आहे. आम्ही सगळेच काळे, ती जरा जास्त. लहानपणी आईने तिला हळद-बेसन लावून लावून जीव नकोसा केला होता. लग्नासाठी बघायला आलेल्या पाहुण्यांनी, आमच्याच माणसांनी, तिच्या देखत 'पोरगी कामाची हाय, पर रंग...' असं म्हणून चहा प्यायला होता. तेव्हा आमच्यात रंगावरून हिणवणं नव्हतं असा माझा दावा नाही. पण घरात ऐकलेलं आणि माइकवरून ऐकलेलं यांत अंतर असतं, ते तिला पुढे कळलं.

आधी जीपवाल्यांचं झालं. आळेफाट्याला कुठल्याशा मेळाव्यात ते म्हणाले, 'वरच्या लोकांचं काय सांगता? रंगानं काळी अन् अकलेनं त्याहून काळी. ज्यानं गाडीत बसवून आणलं, त्यालाच मत.' बोलणं नीचच होतं. त्या माणसाची वकिली मला करायची नाही. पण त्यानंतर जो तमाशा झाला, तो मी माझ्या फॅक्समधून जाताना बघितला. पाचही पेपरांत पहिल्या पानावर. दुसऱ्या दिवशी निषेध, तिसऱ्या दिवशी मोर्चा. मोर्चासाठी वरून माणसं आणायला ट्रक कुणी पाठवले होते, हे कुणीच छापलं नाही. आक्काला पुढे ठेवलं होतं, हातात फलक, फोटो चार कॉलमी. पुण्याच्या एका पेपरने तर अग्रलेख लिहिला आणि त्यात म्हटलं, की हे वक्तव्य पुरोगामी महाराष्ट्राच्या प्रतिमेला काळिमा फासणारं आहे. काळं म्हटल्याचा निषेध करताना या विद्वानांना शब्दही काळाच सापडला. जीपवाल्यांनी शेवटी हात जोडून माफी मागितली, ती चौकटीत छापून आली.

आक्का तेव्हा खूश होती. बूथमध्ये येऊन मला म्हणाली, 'पेपरवाली मान्सं चांगली हायेत रं. आपल्यासाठी एवडं कोन लिवतं?'  तिचा आनंद मोडायचं माझ्या जिवावर आलं.

पुढच्या वर्षी थंडीत गाडीवाल्यांनी घोडेगावात 'आदिवासी भगिनी सन्मान मेळावा' ठेवला. आक्काचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग साहेबांचं, म्हणजे गाडीवाल्यांचं भाषण, आणि शेवटी रीतीप्रमाणे आक्काचे आभार. म्हणजे सत्कार जिचा, आभारही तिनेच मानायचे.

त्या दिवसांत भारनियमन जोरात होतं. आमच्याकडे संध्याकाळी पाचला लाईट जायची ती जेवणं झाल्यावरच यायची. लाईट नाही म्हणजे फॅक्स नाही. गाडीवाल्यांना वेळेवर येण्याची सवय नव्हती, आणि पेपरच्या पानांना त्यांची वाट बघण्याची. त्यामुळे आमच्या पाच वीरांनी आपली एक पद्धत बसवली होती. कार्यक्रमाची पत्रिका समोर ठेवायची आणि लाईट जायच्या आत बातमी पाठवून मोकळं व्हायचं, सभा भरायच्या आधीच. टाळ्यांच्या कडकडाटासकट.

त्या दिवशीही चार वाजता म्होरक्या कागद घेऊन आला. मी वाचला. 'साहेबांच्या हस्ते झालेल्या सत्काराने ताई भारावून गेल्या. गहिवरल्या आवाजात आभार मानताना त्या म्हणाल्या, की साहेबांनी डोंगरातल्या लेकींना माणूस म्हणून ओळख दिली.' बाहेर मंडपवाला अजून खांब रोवत होता. मी हसून म्हणालो, 'राव, ती अजून गाडीतून उतरली न्हाई, अन् तुमी तिला रडवलं पन?'

'अरं, रडती की. बाई मान्सं सत्काराला रडत्यातच,' तो म्हणाला. मी पाचही प्रती पाठवल्या. लाईट गेली. केबिनला कुलूप लावून मी सभेला गेलो.

साहेब अंधार पडल्यावर आले. आक्काबरोबर तिच्या वस्तीतल्या आठ-दहा बाया आल्या होत्या, पुढेच सतरंजीवर बसल्या होत्या. मी कडेला खांबाला टेकून उभा होतो. मंडपातल्या ट्यूबा जनरेटरवर चालत होत्या आणि माइक बॅटरीवर. आक्का सत्कारासाठी उठून पुढे आली, साहेबांनी शाल उलगडली, आणि नेमका जनरेटर खोकत खोकत बंद पडला. गुडुप अंधार. माइक मात्र चालूच होता. साहेबांचा आवाज आला, अगदी सावकाश, मजा घेत.

'अहो, आमच्या बाई कुठं गेल्या? बाई, जरा हसा की. दात दिसलं, तर शाल कुनाच्या अंगावर टाकायची ते आमाला कळंल!'

अख्खा मंडप हसला. स्टेजवरचे तर खुर्च्या हलवून हलवून हसले. अंधारात हसणं ऐकलं की ते कुणाचं आहे ते कळत नाही, म्हणून लोक जरा जास्तच मोकळेपणाने हसतात. आमचीही काही माणसं हसली असणार. मला त्या आवाजाची अशी किळस आली की अजून येते.

जनरेटर पुन्हा सुरू झाला. आक्का होती तिथेच उभी होती. ती हसली नव्हती. साहेब शाल पुढे करून, मान तिरकी करून, टाळ्यांची वाट बघत होते. तिने शाल त्यांच्या हातातून घेतली, नीट घडी घातली, टेबलावर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला, आणि स्टेजच्या मागच्या पायऱ्या उतरून ती चालायला लागली. घोषणा नाही, रडणं नाही. पुढे बसलेल्या बायांनी एकमेकींकडे बघितलं आणि पदर सावरत त्याही उठल्या. निवेदन करणारे गुरुजी क्षणभर गांगरले, मग म्हणाले, 'ताईंची तब्येत बरी नसल्याने त्यांना निघावं लागलं आहे. वेळेअभावी आभार मानले असं समजावं.' आणि साहेबांचं भाषण सुरू झालं.

मी रस्त्यावर आक्काला गाठलं. ती एवढंच म्हणाली, 'आमाला वडाप बघून दे.' मी एक जीप ठरवून दिली आणि त्या बाया वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीतून पेपरचे गठ्ठे उतरले. पाचही पेपरांत आक्का भारावून गेली होती. पाचही पेपरांत तिचा आवाज गहिवरला होता. एका पेपरच्या वार्ताहराने मागाहून फोन करून एक ओळ वाढवली होती, 'वीज गेली असतानाही साहेबांनी आपल्या मिश्कील शैलीत टोलेबाजी केल्याने सभेत हशा पिकला.' म्हणजे ऐकलं होतं. कळलंही होतं. फक्त या खेपेला ते मिश्कील होतं.

मी पेपर घेऊन हॉटेलात गेलो. म्होरक्या कट वडा खात होता.

'तू व्हतास की तिथं,' मी म्हणालो.

'व्हतो की.'

'मग हे काय छापलंय?'

'बातमी चारलाच गेली व्हती, भाऊ. तूच पाठवली.'

'मग आज दुसरी पाठव. खरं काय झालं ते लिव. आळेफाट्याचं लिवलं व्हतंस ना?'

त्याने वडा खाली ठेवला आणि मला समजावणीच्या सुरात सांगितलं, 'हे बघ, त्या जीपवाल्याच्या मनात व्हतं तसं. साहेबांच्या मनात तसं काय न्हाई. ते आपलं गमतीनं बोलले. अन् पुढच्या महिन्यात त्यांचा वाढदिवस हाय, राव. आता कुठं हे काढतो?'

पुढाऱ्यांच्या मनात काय आहे ते बघण्याचं यंत्र या लोकांना कुठून मिळतं, हे मला आजवर कळलेलं नाही. ते यंत्र जाहिरातीवर चालतं एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगतो.

वर, आक्काच्या वस्तीत, वेगळीच गोष्ट घडली. आमच्याकडे रीत अशी, की कुणाचा सत्कार झाला की तो नारळ घरी आणून फोडायचा आणि वस्तीत घराघराला खोबरं वाटायचं. मान एकाचा नसतो, वस्तीचा असतो. पेपर दुपारच्या गाडीने वर पोचला. तिथल्या शाळेच्या गुरुजींनी तो पारावर वाचून दाखवला, आणि संध्याकाळपासून लोक आक्काच्या दारात यायला लागले. शाल दाखव. खोबरं कुठाय? आक्काने प्रत्येकाला सांगितलं, 'सत्कार झालाच न्हाई. मी उठून आले.' सोबत गेलेल्या बायांनीही सांगितलं. ऐकणाऱ्यांनी मान हलवली आणि जाता जाता म्हणाले, 'पेपरात तर आलंय.' म्हातारे तर रागावले. त्यांना एकच समजलं, की नारळ हिने एकटीनेच खाल्ला, आणि शाल पेटीत दडवून ठेवली.

लबाडी करणारं वर्तमानपत्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. नारळ लपवणारी माणसं पाहिली होती.

चार दिवस आक्का दारोदार सांगत फिरली. शेवटी तिच्या सासूने वैतागून दुकानातून एक नारळ आणला, फोडला आणि आक्का शेतात असताना घराघरांत वाटून टाकला. 'लोकांची तोंडं बंद कराया नगंत व्हय?' असं तिचं म्हणणं. आक्का घरी आली तोवर सगळ्यांचं खोबरं खाऊन झालं होतं. त्या दिवशी तिने भाकरी खाल्ली नाही. मला निरोप धाडला, 'आपन पुन्याला जाऊ. छापनाऱ्यालाच सांगू.'

आम्ही गेलो. ज्या पेपरने अग्रलेख लिहिला होता, त्याच्याच कचेरीत. तासभर बाकावर बसवल्यावर एका उपसंपादकाने आत बोलावलं. तरुण होता, चष्म्याआडून फार सभ्यपणे बघत होता. चहासुद्धा मागवला. आक्काने सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

'याची काही कॅसेट आहे का?' त्याने विचारलं.

'जीपवाल्यांची व्हती का?' मी विचारलं.

'तिथे आमच्या वार्ताहराने स्वतः ऐकलं होतं.'

'हितंबी तोच व्हता.'

'असेल. पण त्याने आम्हाला तसं कळवलेलं नाही.'

आक्का म्हणाली, 'मग मी कळवते की. मलाच म्हनले ते.'

त्यावर त्याने जे उत्तर दिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो म्हणाला, 'ताई, तुम्ही स्वतःच या प्रकरणात आहात ना, त्यामुळे तुमचं म्हणणं एकतर्फी होईल. आम्हाला समतोल राखावा लागतो.'

ज्याच्या तोंडावर थुंकलं, त्याने ते सांगायचं नाही, कारण तोंड त्याचं आहे. आळेफाट्याच्या वेळी याच आक्काचा चार कॉलमी फोटो छापताना समतोल कुठल्या कपाटात ठेवला होता, असं मी विचारलं. तो नुसता हसला. शिकलेल्या माणसाचं ते हसणं, ज्याला आपण काहीही विचारलं तरी फरक पडत नाही. निघताना आक्काचा चेहरा बघून त्याला बहुतेक दया आली. म्हणाला, 'बघतो, एक छोटासा खुलासा देता येईल.'

खुलासा आला. आतल्या पानावर, बाजारभावाच्या खाली. 'नुकत्याच झालेल्या सन्मान मेळाव्यात प्रकृतीच्या कारणास्तव आपणांस लवकर निघावे लागले. त्याबद्दल ताईंनी दिलगिरी व्यक्त केली आहे.' आम्ही पदरचं भाडं भरून पुण्याला गेलो होतो, ते आक्काने साहेबांची माफी मागावी म्हणून.

मी तो पेपर आक्काला दाखवणार नव्हतो. पण वर गुरुजी होतेच. त्यांनी तोही पारावर वाचला.

पुढच्या निवडणुकीत आक्का अपक्ष उभी राहिली. तिला जागा नको होती. तिला एवढंच हवं होतं, की आपल्या लोकांनी आपलं ऐकावं. प्रचारात ती वस्ती-वस्तीवर एकच गोष्ट सांगायची, अंधाराची आणि शालीची. लोक म्हणायचे, 'ज्यानं तुजा सत्कार केला, त्याच्यावरच उलटलीस व्हय गं?' म्होरक्याने बातमी दिली, 'ताईंचा कृतघ्नपणा चर्चेत.' ती पडली. आणि त्याच निवडणुकीत जीपवाले गाडीवाल्यांना जाऊन मिळाले. दोघांचा गळ्यात गळे घातलेला फोटो पहिल्या पानावर आला, आणि आळेफाट्याचं ते वक्तव्य, ज्याने महाराष्ट्राला काळिमा फासला होता, ते रातोरात 'जुने गैरसमज' झालं. जीपवाल्यांचाही वाढदिवस कधी येतो हे तेव्हापासून आम्हाला कळायला लागलं. पानभर.

त्यानंतर कधीतरी, परदेशातला कुणी पुढारी तिथल्या काळ्या लोकांबद्दल काही बरळला, तेव्हा पुण्याच्या त्याच पेपरने पुन्हा अग्रलेख लिहिला. वर्णद्वेष, मानवता, सुसंस्कृत जग वगैरे. छान लिहिला होता, भाषा चांगली होती. समुद्रापलीकडच्या काळ्या माणसाचं दुःख यांना इथून स्पष्ट दिसतं. बूथमध्ये बसून मी तो वाचला आणि त्याच कागदात भजी बांधून घेतली. म्होरक्याला त्या सुमारास कुणीतरी आदर्श पत्रकार म्हणून गौरवलं. त्या बातमीतही तो भारावून गेला होता. ती बातमी त्याने स्वतःच लिहिली होती आणि माझ्याच यंत्रातून पाठवली होती, समारंभाच्या आधी.

मग फॅक्सचे दिवस सरले. मी बूथ बंद केला आणि त्या जागेत मोबाइल रिचार्ज आणि झेरॉक्स सुरू केलं. वर जाणं कमी झालं. एकदा मेमध्ये हिरड्याच्या दिवसांत आक्काकडे गेलो होतो. अंगणात हिरडा वाळत घातला होता, आम्ही ओसरीवर बसलो होतो. तेवढ्यात वस्तीतलीच एक बाई आली. मेळाव्याला आक्काच्या सोबत गेलेल्यांतली. आक्का उठली तेव्हा तिच्या मागोमाग सर्वांत आधी उठलेली हीच. मी स्वतः तिला जीपमध्ये बसवलं होतं.

मला बघून ती खूश झाली. जुन्या गोष्टी निघाल्या. बोलता बोलता ती म्हणाली, 'तुजी भन पयले लई ग्वाड बोलायची रं, भाऊ. त्या घोडेगावच्या सत्काराला काय बोलली व्हती! म्हनली, आमा डोंगरातल्या लेकींना मानूस म्हनून वळख दिली. आमी समद्या रडलो.'

मी म्हणालो, 'मावशी, आक्का बोललीच न्हाई त्या दिवशी. तुमी तिच्याबरूबर उठून आला व्हता.'

'छ्या! असं कसं? म्या पुढंच बसले व्हते.' तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू खालच्या गावात राहून पोराचं डोकं फिरलंय. ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारे मला चांगले कळतात, माझी सगळी उमेदीची वर्षं त्यांच्यात गेली. या बाईला ते खरोखरच आठवत होतं.

 आक्काने तिला चहा दिला, दोन गोष्टी विचारल्या, बांधापर्यंत पोचवून आली. परत येऊन माझ्यासमोर बसली. बराच वेळ हिरड्यातला काडीकचरा निवडत राहिली. मग मान वर न करता विचारलं,

'मी उठले व्हते ना रं?'

'उठली व्हतीस, आक्का. मी बघितलंय.'

'तेच म्हनते मी,' ती म्हणाली. 'पर ते भाषन आता मलाबी आठवाया लागलंय.'